समुपदेशकाचं दार ठोठवा

सत्र परीक्षा तोंडावर आल्या, की वसतिगृहातले दिवे रात्रभर जळतात. डबा न उघडताच परत जातो; घरून आलेला फोन ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मिनिटभरात ठेवला जातो. तरीही समुपदेशन कक्षाची पायरी चढायला मुलं कचरतात. लोक काय म्हणतील, घरी कळेल, ही धास्ती.

तिथे नेमकं काय होतं? समुपदेशक आधी शांतपणे ऐकून घेतात. ते औषधं देत नाहीत. गरज वाटली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. बोलणं गोपनीय राहतं. जिवाला धोका दिसला, तरच इतरांना विश्वासात घेतलं जातं. परीक्षेची भीती, प्रेमभंग, घरातली भांडणं, यांतला कुठलाच विषय तिथे क्षुल्लक नसतो.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिले आहेत. ही मेहेरबानी नव्हे, तुमचा हक्क आहे. कक्ष कुठे आहे, वेळ काय, हे आजच विचारून घ्या. रात्री-अपरात्री असह्य झालं, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर फोन करा. आणि एखादा मित्र गप्प गप्प दिसला, तर त्याच्यासोबत कक्षापर्यंत तुम्हीही चला.