मामांचं मलम आणि सहीचा कागद

आपल्या भागातला माणूस हैदराबादला मुख्यतः दोन कामांसाठी जातो. एक लग्नाच्या बस्त्यासाठी आणि दुसरं दवाखान्यासाठी. ‘हैदराबादला दाखवून आलो’ हे वाक्य देगलूर-बिलोलीकडे घरटी एकदा तरी ऐकायला मिळतं. २०२२ सालच्या पावसाळ्यात मीही असाच माझ्या मामांना घेऊन गेलो होतो. मामांना वीस वर्षांपासूनची साखर. तळपायाला चप्पल लागल्याचं निमित्त झालं आणि जखम दीड महिना भरून येईना. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर करू नका, हैदराबाद गाठा.

आम्ही आबिड्सच्या एका साध्या लॉजवर उतरलो. बस स्टँड जवळ, नामपल्ली स्टेशन जवळ, मोठ्या पोस्टाच्या आसपास खाण्यापिण्याची सोय, म्हणून आपली माणसं तिथंच उतरतात. दवाखान्यात तपासणी झाली, पट्टी झाली. निघताना एका तरुण डॉक्टरांनी मामांच्या हातात बारा-चौदा पानांचा कागद दिला आणि म्हणाले, नव्या मलमाचा अभ्यास चालू आहे, औषध फुकट मिळेल, उद्या सही करून आणा. कागद इंग्रजीत आणि तेलुगूत.

रात्री लॉजच्या खोलीत मामा पाय उशीवर ठेवून बसले आणि म्हणाले, “भाचे, तुम्ही एवढे शिकलेले. बघा बरं काय लिहिलंय ह्यात. माझ्यावर प्रयोग करायचाय म्हणे. मी काय उंदीर आहे का?”

वाचकहो, मी मराठी शिकवणारा माणूस. औषधशास्त्राशी माझा संबंध गोळी गिळण्यापुरता. पण त्या रात्री तो कागद मी शब्द न् शब्द वाचला, न कळलेलं ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि नंतरही या विषयावर वाचत राहिलो. आपल्यापैकी कुणाच्याही हातात उद्या असा कागद येऊ शकतो, म्हणून आजचा हा लेख.

आधी मामांच्या उंदराचं. नवीन औषध आधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलं जातं. त्यातून पार पडलं तरच ते माणसापर्यंत येतं आणि माणसातही टप्प्याटप्प्यानं येतं. पहिल्या टप्प्यात थोडी माणसं असतात आणि प्रश्न एकच असतो, औषध अपाय तर करत नाही ना आणि किती मात्रा सोसते. दुसऱ्या टप्प्यात काहीशे रुग्णांवर पाहतात, गुण येतो का. तिसऱ्या टप्प्यात शेकडो-हजारो रुग्ण असतात आणि नवं औषध चालू औषधापेक्षा खरंच सरस आहे का, हे जोखलं जातं. औषध बाजारात आल्यावरही त्याच्यावर लक्ष ठेवतात, तो चौथा टप्पा. मामांचा कागद तिसऱ्या टप्प्याचा होता.

करोनाच्या काळात आपण हे सगळं जवळून पाहिलं, फक्त त्याला नाव देता आलं नाही. हैदराबादच्या पंजागुट्ट्याला निम्स आहे, म्हणजे निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. १९८९ साली राज्याच्या कायद्यानं त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोव्हॅक्सिन लशीची पहिली चाचणी जुलै २०२० मध्ये देशात ज्या बारा ठिकाणी करायचं ठरलं, त्यात निम्स होतं, तसंच नागपूर, बेळगाव आणि गोव्यातलं एकेक रुग्णालयही होतं. पहिल्या टप्प्यात ३७५ निरोगी माणसं पुढे आली. त्यातल्या ३०० जणांना लस मिळाली आणि ७५ जणांना लशीचा मुख्य घटक नसलेली सुई. तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० माणसं होती. आपण दंड पुढे केला, त्याआधी या लोकांनी केला होता.

मामांना सर्वांत खटकली ती चिठ्ठी. कागदात लिहिलं होतं की, कुणाला नवं मलम द्यायचं आणि कुणाला नेहमीचं, हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठी टाकावी तसं यंत्र ठरवणार. दोन्ही मलमांच्या ट्यूबा एकसारख्या आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. “हा तर मटका झाला,” मामा म्हणाले.

वरून तसं दिसतं खरं. पण विचार करा. डॉक्टरांनी निवड केली तर नवं औषध ते कदाचित धडधाकट रुग्णाला देतील, किंवा उलट फार खंगलेल्याला देतील. मग बरं वाटलं ते औषधानं की अंगातल्या ताकदीनं, हे कळणार कसं? आणि नवं औषध मिळालंय हे कळलं की निम्मा आजार मनानंच पळतो, हा तर आपल्या सगळ्यांचा अनुभव. म्हणून चिठ्ठी आणि म्हणून झाकलेलं नाव. दोन्ही गट सारखे असले, तरच फरक औषधाचा म्हणता येतो.

असा एक अभ्यास आपल्या देशात झाला आणि त्यानं जगभरच्या क्षयरोग्यांचं आयुष्य बदललं. १९५० च्या दशकात क्षयरोग झाला म्हणजे माणसानं घरदार सोडून सॅनेटोरियममध्ये पडायचं, अशी रीत होती. आपल्याकडची जुनी माणसं मिरजेच्या सॅनेटोरियमची नावं अजून काढतात. खाटा मोजक्या आणि रोगी लाखो. तेव्हा मद्रासच्या केंद्रानं सुमारे दोनशे गरीब क्षयरोग्यांचे चिठ्ठ्यांप्रमाणे दोन गट केले. एका गटाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं अन्न आणि विश्रांती दिली. दुसऱ्याला तीच औषधं देऊन घरी ठेवलं, दाटीवाटीच्या वस्तीत, मिळेल ते खाऊन. १९५९ साली निकाल छापून आला. दोन्हींकडे जवळपास सारखाच गुण! घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला दिसला नाही. आज क्षयरोगी घरी राहून, कामधंदा सांभाळून बरा होतो, त्यामागे त्या दोनशे जणांची पुण्याई आहे. ते सगळे आपल्यासारखेच गरीब, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

हैदराबादला तर या प्रयोगांचा जुनाच वारसा आहे. आबिड्स हे नाव पडलं ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट अबिद यांच्या दुकानावरून. त्याच निजामाच्या काळात, १८८८ आणि १८८९ साली, सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसलं. भूल देताना माणसं दगावतात ती श्वास थांबून की हृदय थांबून, हा प्रश्न होता. खर्च निजाम सरकारचा आणि दुसऱ्या खेपेला विलायतेहून लॉडर ब्रन्टन नावाचे नामांकित डॉक्टर मुद्दाम आलेले. शेकडो कुत्री आणि इतर प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. पुढे १९११ साली लेव्ही या संशोधकानं दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मनं हृदयही एकाएकी बंद पडू शकतं. एवढा खटाटोप आणि निष्कर्ष अर्धाच बरोबर! नुसता आकडा मोठा असून भागत नाही, प्रयोगाची आखणीही नीट लागते.

आणि हुसेन खान. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाच्या या रोग्याला दहा डास चाववून घेतले. प्रत्येक डासामागे एक आणा, म्हणजे दहा आणे मिळाले. २० ऑगस्टला त्यातल्याच एका डासाच्या पोटात रॉस यांना हिवतापाचे जंतू दिसले. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळालं. संमतीपत्राचा रिवाज तेव्हा नव्हता. ही गोष्ट मी त्या रात्री मामांना सांगितली, तर ते हसून म्हणाले, “म्हणजे माझा भाव तरी काय हो? मलमाची ट्यूबच ना?”

त्यांचा टोमणा बरोबर जागी लागला. गरिबाला ‘फुकट’ या शब्दाची भुरळ पडते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खम्मम जिल्ह्यातली गोष्ट फार जुनी नाही. २००९ साली तिथं दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चौदा हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पात देण्यात आली. पुष्कळ मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. पालकांच्या सहीच्या जागी अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीच सह्या ठोकल्या होत्या. मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला आणि २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत मृत्यूंचा संबंध लशीशी आढळला नाही. लस स्वतः चांगली आहे, जगभर दिली जाते. पण २०१३ साली संसदेच्या समितीनं ठपका ठेवला तो संमती ज्या रीतीनं घेतली त्यावर. चांगलं औषधही न विचारता दिलं, तर लोकांचा विश्वास उडतो आणि एकदा उडालेला विश्वास परत यायला वर्षं लागतात.

अशा प्रकरणांनंतर कायदा कडक होत गेला. १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम आले. ते सामान्य माणसाच्या बाजूनं बरंच काही सांगतात. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. प्रत्येक अभ्यासावर नैतिकता समितीची नजर असते. तिच्यात किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि त्यात एक कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूसही लागतो. शिवाय १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध चाचणीची सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंद सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्न लिहूनच घेऊन गेलो. नवं मलम आधी किती जणांना दिलंय आणि त्रास काय झाला? अभ्यासात नाही आलो तर उपचार काय? किती खेपा घालायच्या आणि गाडीभाडं कोण देणार? काही बरंवाईट झालं तर रात्री फोन कुणाला करायचा? आणि मधेच सोडलं तर?

तिथल्या एका ताईंनी तासभर बसून सगळं समजावलं. हिंदीतला कागद आणून दिला, समितीचा फोन नंबर कुठल्या पानावर आहे ते दाखवलं. मामांच्या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी अस्सल हैदराबादी बोलीत उत्तर दिलं, “चाचा, नक्को बोले तो भी इलाज बंद नै होता.” मामांचा चेहरा तिथं सैल झाला. त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “आणा पेन.” आदल्या रात्री केली असती तीच सही, पण आता ती त्यांची होती.

दर पंधरा दिवसांनी असे चार महिने मामा हैदराबादला जात राहिले. बसभाडं मिळालं. मामी रोज संध्याकाळी कोमट पाण्यानं पाय धुऊन, टिपून, मलम लावायची. जखम भरली. मामा आता पुन्हा शेतावर जातात, चप्पल मात्र मऊ घालतात. नवं मलम मिळालं की जुनं, हे त्यांना आजही माहीत नाही. ते म्हणतात, “गुण मलमाचा, साखरेच्या गोळीचा की तुमच्या मामीच्या हाताचा, देव जाणे.” मी त्यांना म्हणतो, मामा, हे देवावर सोडायचं नाही म्हणूनच तर एवढ्या माणसांवर अभ्यास करावा लागतो.

पण एक गोष्ट मला अजून सलते. अभ्यास संपला, फायली बंद झाल्या आणि निकाल काय लागला ते मामांना कुणी कळवलं नाही. मी दोनदा फोन केला, पुढच्या वर्षी बघा म्हणाले. दिवाळीला गेलो की मामा हटकून विचारतात, “भाचे, त्या मलमाचं काय झालं हो?” माझ्याकडे उत्तर नसतं. एका पोस्टकार्डाचा खर्च आहे. ज्यानं चार महिने आपला पाय दिला, त्याला एवढं कळण्याचा हक्क असायला नको का?

तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्यापुढे असा कागद आला तर घाबरून पळू नका आणि फुकट आहे म्हणून डोळे मिटून सहीही करू नका. एक रात्र मागून घ्या, घरच्यांशी बोला, प्रश्न लिहून न्या. ‘नाही’ म्हणालात तर त्यात लाज नाही आणि ‘हो’ म्हणालात तर ते एक दानच आहे. फक्त सही करताना एक प्रश्न आमच्यासारखा विसरू नका, निकाल लागला की मला कळवाल ना? तो त्या कागदावर लिहूनच घ्या.