जुन्या जीपचे दोन भाव

कापसाच्या शेवटच्या वेचणीचे पैसे हातात पडले, सोसायटीचे आणि कृषी केंद्राचे देणे भागले आणि गाठीला थोडेफार उरले, की आपल्या भागात जुन्या जीपचे सौदे सुरू होतात. कोणाला कमांडर मिळते, कोणाला मेजर, कोणाला मिलिटरीच्या लिलावातून फिरत फिरत आलेली जीप. इसार दिला जातो, चहा होतो आणि गाडी दारात येते. दोन महिन्यांनी पाऊस पडतो आणि मग खरा भाव कळतो.

जीप घेऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या शेताला पांदणीतून जावे लागते, त्यालाच काळ्या जमिनीतला श्रावण ठाऊक. खताची पोती, फवारणीचे पाणी, वेचणीच्या बाया, अडलेली बाळंतीण, यांना शेतातून आणि वस्तीवरून डांबरी सडकेपर्यंत आणणारे वाहन ही चैन नव्हे. शहरातल्या माणसाने जीप घेतली तर तिला हौस म्हणतात, शेतकऱ्याने घेतली तर उधळपट्टी म्हणतात. या बोलण्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. आपल्यासाठी ती वखर-डवऱ्यासारखे अवजार आहे.

पण अवजार म्हटले म्हणजे त्याचा हिशेबही अवजारासारखाच मांडला पाहिजे. जुन्या जीपला दोन भाव असतात. एक विकणारा सांगतो. दुसरा पहिल्या पावसाळ्यात मिस्त्री सांगतो. आमचे म्हणणे एवढेच, की हा दुसरा भाव इसार देण्याआधी काढता येतो आणि तो काढल्याशिवाय खिशात हात घालू नये.

सुरुवात इंजिनापासून करू. गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असल्याची बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. आपल्याकडे इंजिनाचा पहिला शत्रू धूळ. जुन्या जीपच्या हवेच्या फिल्टरला खाली तेलाची वाटी असते. ती वेळेवर धुतली नाही, की धूळ थेट आत जाते आणि रिंग, पिस्टन, लायनर घासून काढते. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून पाहा. तिथून भकाभक धूर येत असेल तर इंजिन उतरवावे लागणार, असे समजून चला. मागच्या नळीचा निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा तुंबलेला फिल्टर. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल, तर हेडच्या गॅस्केटचा संशय घ्यावा. तेलाची काडी ओढून पाहावी. तेल ताकासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि तो सौदा तिथेच सोडावा.

सुटे भाग मिळतात का, हेही इंजिन पाहूनच ठरते. जुन्या महिंद्रा जीपमध्ये कुठे प्यूजोचे 2112 सीसी इंजिन आहे, कुठे 2523 सीसीचे डीआय. डीआय इंजिन पुढे बोलेरोतही आले, त्यामुळे त्याचे सामान आणि त्याचा जाणकार तालुक्याला सापडतो. जबलपूरला पूर्वी बनत असलेल्या मिलिटरीच्या जोंग्याचे तसे नाही. स्वस्त पडला म्हणून तो घेतला आणि एका भागासाठी महिनाभर उभा ठेवला, तर तो स्वस्त कसा?

नंतर क्लच. सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढा, तिसरा गेअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो. इंजिन घुमतच राहिले तर प्लेट गेली. चिखलात अर्धा क्लच दाबून गाडी रेटण्याची सवय ज्या हातांना असते, त्यांच्या गाडीचा क्लच शाबूत असणे कठीण.

मग गाडीखाली शिरा. गाडी बंद असू द्या, चाकांना दगड लावा आणि लांब शाफ्ट हाताने फिरवून पाहा. टकटक वाजला तर क्रॉस गेले. क्रॉस बदलणे स्वस्त असते, पण न बदलता गाडी चालवली तर शाफ्ट तुटतो आणि आसपासचे सामान घेऊन जातो. पुढच्या दोन्ही चाकांमागे लोखंडी गोळे असतात. त्यांचे सील फाटले, की ओढ्याचे पाणी आणि चिखल आत जातो आणि किंगपिनचे बेअरिंग खातो. चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा. ते डुगडुगले तर व्हील बेअरिंग तरी सैल आहे, नाहीतर किंगपिन तरी गेली आहे. सडकेवर वेग घेताच हँडल थरथरते, त्याचेही हे एक मोठे कारण.

कमानपाटे जिथे चासीला धरलेले असतात, तिथे टॉर्च लावून पाहा. वर नवा रंग आणि खाली वेल्डिंगवर वेल्डिंग, अशा गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. इंजिन पुन्हा बांधता येते, तडकलेल्या चासीचा भरवसा धरता येत नाही. ब्रेकचे पॅडल दोन-तीनदा दाबल्यावरच ब्रेक लागत असेल, तर आधी ते काम, मग बाकीची गोष्ट. त्यात बायामाणसे बसणार आहेत.

जाणत्या ड्रायव्हरच्या हातूनही होणारी एक चूक इथेच सांगतो. जुन्या जीपचा फोर-व्हील गेअर हा चिखल, वाळू आणि ओढा एवढ्यापुरता असतो. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर तोडत नाहीत. मऊ जमिनीत चाक थोडे घसरते आणि ताण निघून जातो. डांबरी सडकेवर तो निघायला जागाच नसते, आणि तो क्रॉसवर, ट्रान्सफर केसवर आणि क्राऊन-पिनियनवर येऊन पडतो. पांदण संपली, की गेअर काढायचा. ही सवय फुकट आहे आणि तिने वाचणारे काम महागडे आहे.

आता आकडे मांडू. दर तालुक्यागणिक बदलतात, म्हणून हे आकडे केवळ नमुन्यासाठी धरलेले आहेत. आपल्या मिस्त्रीला विचारून प्रत्येकाने आपले भरावेत. समजा, जीप 1,50,000 रुपयांना ठरली. इंजिनाचे काम 60,000, चार टायर 24,000, क्लच 7,000, ब्रेक 6,000, किंगपिन, क्रॉस आणि सील 8,000, बॅटरी 6,000. नोंदणीचे नूतनीकरण 10,000. हे झाले 1,21,000 रुपये. म्हणजे दीड लाखाची जीप 2,71,000 रुपयांना पडली.

हेच कापसात मोजा. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये क्विंटल जाहीर झाला. त्या भावाने ही जीप 35 क्विंटल कापूस खाते, त्यातला साडेपंधरा क्विंटलांहून जास्त नुसत्या दुरुस्तीत आणि कागदात जातो. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल धरले, तर तीन एकरांचे सगळे पीक गॅरेजमध्ये गेले. बियाणे, निंदण, फवारणी, वेचाई यांचा खर्च त्यातून अजून वजा केलेला नाही. हायब्रीड ज्वारीवाल्याने 2025-26 चा 3,699 रुपयांचा हमीभाव धरला, तर त्याला याच्या दुपटीहून जास्त क्विंटल मोजावे लागतील. आणि बाजारात हमीभाव मिळालाच नाही, तर पोत्यांची संख्या आणखी वाढते.

कागदांचे दुखणे मिस्त्रीलाही बरे करता येत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी ती वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क 5,000 रुपये झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारीसाठी 10,000 रुपये. पर्यावरण कर वेगळा. चासीवरचा नंबर आणि आर.सी. बुकातला नंबर आपल्या डोळ्यांनी ताडून पाहा. तुकडे जुळवून बांधलेल्या जीपचे नंबर जुळत नाहीत, आणि नोंदणीत नसलेले फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला आधी, पैसे मागून. विकणाऱ्यानेही सावध राहावे. नाव बदलले नाही आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी नोंदणीतल्या मालकालाच धरता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितले आहे.

तेव्हा सौद्याला जाताना नातेवाईक नेण्याऐवजी मिस्त्री न्या आणि त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्या. त्याने काढलेला खर्च विकणाऱ्यासमोर मांडा आणि भावातून कमी करून मागा. हाती तीन रुपये असतील तर दोन रुपयांचीच जीप पाहा, तिसरा रुपया दुरुस्तीला बांधून ठेवा. ही दुरुस्ती उन्हाळ्यात उरकून घ्या. जुलैत गाडी उभी राहिली तर तेव्हा हातात पैसा नसतो आणि मग सावकाराचे दार दिसते. ज्या सौद्यापायी पेरणीचे पैसे मोडावे लागतात, तो सौदा कितीही स्वस्त असला तरी महाग.

शेवटी एक काम. आपण कापसाचा उत्पादनखर्च मांडतो तेव्हा बियाणे लिहितो, खत लिहितो, निंदण लिहितो, पण गॅरेजची बिले त्यात क्वचितच येतात. ती खिळ्याला टोचलेली राहतात. जी गाडी शेतासाठी झिजते, तिची झीज शेतीच्या खर्चातच धरली पाहिजे, नाहीतर आपला तोटा आपल्याच वहीत लपून राहतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्याकडे जीप आहे त्यांनी वर्षभराची बिले सोबत आणावीत. कोणत्या कामाला कुठे किती लागले, याची यादी आपण एकत्र बसून करू. पुढच्या हंगामात जीप घेणाऱ्या भावाच्या हातात ती पडली, तर त्याला निदान दोन्ही भाव आधी कळतील.