छोट्या छेदाचा मोठा दावा

स्तनाच्या कॅन्सरवर रोबोने शस्त्रक्रिया म्हणजेच उत्तम उपचार, हे मत आता राजापुरातल्या घरांतही पोचले आहे. त्यातला खरा भाग आधी मान्य करू. काखेजवळच्या छोट्या छेदातून यंत्राचे हात आत जातात, आतला स्तन काढला जातो, पण त्वचा आणि स्तनाग्र राहते, समोर व्रण दिसत नाही. मिलानच्या कॅन्सर संस्थेत शल्यचिकित्सक तोएस्का यांनी ही पद्धत पुढे आणली. आरशात पाहणे नकोसे झालेल्या बाईला हा लाभ छोटा वाटणार नाही.

पण व्रण लपला म्हणून कॅन्सर अधिक नीट निघाला, हे कुठे सिद्ध झाले? 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने नेमका हाच इशारा दिला. आदल्या वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचणीत छोट्या छेदांच्या शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त निघाले होते. अवयव वेगळा, कबूल. पण लहान छेद म्हणजे चांगला उपचार हे गृहीतक तिथे कोसळले. शिवाय स्तन काही पोटात दडलेला नाही, की तिथे पोचायला यंत्र हवे. बोटांना लागणारी गाठ बहुतेक यंत्रांना जाणवतच नाही. आणि गंमत अशी की, लहान गाठीसाठी अख्खा स्तन काढायची गरज नसते, हे 2002 मध्ये 20 वर्षांच्या निष्कर्षांनिशी दाखवणारे शल्यचिकित्सक वेरोनेसी हेच त्या मिलानच्या संस्थेचे संस्थापक!

मग जीव कशाने वाचतो? टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी 11 केंद्रांतल्या सुमारे 1,600 स्त्रियांवर चाचणी केली. कापण्याआधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे, स्वस्त औषध टोचले, एवढेच. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले. दुसऱ्या एका चाचणीत मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. ही तपासणी राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात ठरावीक वारी व्हायला कोणते कोट्यवधींचे यंत्र लागते?

स्तन वाचवायचा तर नंतर रेडिएशन लागते, आणि अडचण तिथेच आहे. तीन आठवडे परक्या शहरात राहायचे, घरची गुरे-माणसे कोणी पाहायची, म्हणून बाई ‘काढूनच टाका’ म्हणते. ब्रिटनमधल्या 2020 च्या चाचणीत रेडिएशनच्या एका आठवड्यातल्या 5 मात्रा तीन आठवड्यांतल्या 15 मात्रांइतक्याच गुणकारी ठरल्या. ज्यांना एका आठवड्याचे हे रेडिएशन लागू पडते, त्यांना तो पर्याय आधी सांगायला हवा, रोबोचे पत्रक नंतर.