विश्लेषण: आर्क्टिकच्या बर्फाची घनता आणि यवतमाळचा सप्टेंबर

यवतमाळच्या शेतकऱ्यासाठी सप्टेंबर धाकधुकीचा असतो. सोयाबीन कापणीकडे झुकलेले, कपाशीची बोंडे भरत आलेली. अशात झड लागली की शेंगांना कोंब फुटतात, बोंडे सडतात. २०२५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने जिल्ह्यातील खरिपाचे मोठे नुकसान केले. त्याच वर्षी २२ मार्चला आर्क्टिकमधील समुद्री बर्फाचा हिवाळी कमाल विस्तार सुमारे १ कोटी ४३ लाख चौरस किलोमीटरवरच थांबला. उपग्रहांच्या तोवरच्या ४७ वर्षांच्या नोंदींतील हा नीचांक. त्या पावसाचे खापर थेट या बर्फावर फोडता येणार नाही. मात्र दोन्हींत नाते असू शकते, असे सांगणारे संशोधन भारतातच झाले आहे.

नाते कसले?

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी असेल तर वातावरणाच्या वरच्या थरांतील लाटांची मांडणी बदलते. त्याला उबदार अरबी समुद्राची जोड मिळाली की सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. शक्यता, खात्री नव्हे. उन्हाळ्यात किती बर्फ टिकेल, हे मात्र बरेचसे तो आधी किती जाड होता यावर ठरते. आणि खरी अडचण जाडीचीच आहे.

उपग्रहाला जाडी दिसत नाही?

विस्तार दिसतो, जाडी नाही. क्रायोसॅट-२ किंवा आइससॅट-२ हे उपग्रह बर्फाचा पाण्यावर डोकावणारा भाग मोजतात. उरलेला, म्हणजे बहुतांश बर्फ पाण्याखाली असतो आणि तो गणिताने काढावा लागतो. त्या गणितात बर्फाची घनता लागते. समुद्राचे पाणी घनमीटरला सुमारे १०२५ किलो. एका हिवाळ्यात गोठलेल्या बर्फासाठी ९१७ किलो आणि अनेक वर्षे टिकलेल्या बर्फासाठी ८८२ किलो ही मूल्ये अनेक गणितांत वापरली जातात. वर साचलेला हिम बाजूला ठेवून हिशेब करू. पाण्यावर २० सेंटिमीटर भाग दिसत असेल तर पहिल्या घनतेने जाडी येते १.९० मीटर, दुसरीने १.४३. घनतेतील चार टक्क्यांच्या फरकाने जवळपास अर्ध्या मीटरचा घोळ!

मग मोजतात कशी?

अजूनही हातानेच. पोकळ नळीच्या गिरमिटाने बर्फाचा उभा दांडा, म्हणजे कोअर, काढतात. लगेच बारीक छिद्रे पाडून ठरावीक अंतरावर तापमान घेतात. मग पाच-दहा सेंटिमीटरचे तुकडे कापून ते झाकणाच्या डब्यांत भरतात. यात घाई महत्त्वाची. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. गोठताना बरेचसे बाहेर टाकले जातात, उरलेले बर्फातल्या बारीक कप्प्यांत अतिखाऱ्या पाण्याच्या रूपाने अडकतात. कोअर बाहेर येताच हे पाणी गळू लागते आणि क्षारता व घनता दोन्ही खऱ्यापेक्षा कमी भरतात. तुकडा वितळल्यावर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारता कळते. नव्या बर्फात ती किलोमागे साधारण चार ते सहा ग्रॅम, तर जुन्या बर्फाचा वरचा थर जवळपास गोडा.

घनतेसाठी तुकड्याचे वजन आणि आकारमान लागते. ओबडधोबड, गळका तुकडा पट्टीने मोजणे भरवशाचे नाही. म्हणून तो एकदा हवेत आणि एकदा केरोसीनसारख्या न गोठणाऱ्या द्रवात बुडवून तोलतात. आर्किमिडीजचेच तत्त्व.

पेच असा की आर्क्टिकमधील जुना बर्फ झपाट्याने घटतो आहे आणि त्याची जागा नवा, खारट बर्फ घेतो आहे. त्यामुळे जुन्या नमुन्यांवरून ठरलेले आकडे पुन्हा तपासावे लागतात, तेही ऋतूनुसार. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील भारताचे हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, पण तेथे हिवाळी मोहीम सुरू झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये.