‘फॉरमॅट मारावा लागेल’

टीव्हीचे चित्र हलू लागले की आपल्या घरात त्याला वरून दोन थापा बसत. मिक्सर थांबला की आई त्याच्या बुडाचे लाल बटण दाबून तो पुन्हा सुरू करी. शिलाई मशीनमध्ये दोरा अडकला तर मोहल्ल्यातली कुठलीही बाई पाच मिनिटांत मशीन उघडून, तेल देऊन पुन्हा चालू करते. अशा घरांत कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत एक हुकूम आला: ‘हात लावू नकोस, बिघडेल.’ कॉम्प्युटरवर क्रोशाचे कापड पडले, कीबोर्डवर प्लास्टिक चढले, आणि चालवायची परवानगी घरातल्या एकाच मुलाला मिळाली. कॉम्प्युटरच्या बिघाडाने आपले जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त या हुकुमाने होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हुकूम पाळणाऱ्या घरात बिघाड झाला की पुढची गोष्ट ठरलेली असते. सीपीयू रिक्षात घालून दुकानात जातो. दुकानदार तो सुरू करतो, दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ आपण मान डोलावतो. तापाच्या प्रत्येक रुग्णाला सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांबद्दल आपण आता प्रश्न विचारू लागलो आहोत, पण फॉरमॅटबद्दल कुणी विचारत नाही. सगळेच दुकानदार लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. त्याच्याकडे दहा मशीन रांगेत असतात. बिघाड शोधायला दोन तास लागतात, सगळे पुसून विंडोज नव्याने टाकणे सोपे पडते. त्याचा वेळ वाचतो, आपली माहिती जाते.

ही माहिती म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात आणि पुढच्या काही महिन्यांत नागरिकत्वाच्या चर्चेने आपल्या घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, निकाहनामा, मोडी अक्षरातले एखादे खरेदीखत. नावाचे स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे. लोकांनी हे सगळे स्कॅन करून कॉम्प्युटरवर ठेवले आणि निश्चिंत झाले. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने असेच चार पिढ्यांचे कागद एका फोल्डरमध्ये जमवले होते. पुढच्या पावसाळ्यात पेटीत पाणी शिरले, निम्मे कागद लगदा झाले. स्कॅन आहेतच, म्हणून कुणी घाबरले नाही. काही महिन्यांनी कॉम्प्युटर ‘स्लो’ झाला म्हणून दुकानात गेला आणि कोरा होऊन परत आला. त्या घरातल्या आजी महिनाभर विचारत होत्या, ‘त्या डब्यातून कागद परत निघत नाहीत का?’ तिला काय उत्तर द्यावे हे कुणाला कळत नव्हते.

‘स्लो’ होणे हा असाध्य रोग नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात स्टार्टअपचे पान असते. मशीन सुरू होताच आपोआप उठणारे दहा-पंधरा प्रोग्राम तिथे दिसतात. त्यातले अनोळखी चॅट, जुने प्रिंटर, गेम यांचे उठणे बंद करता येते. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटीव्हायरसला तेवढे हात लावू नये. मग सी ड्राइव्हमध्ये किती जागा उरली आहे ते पाहावे. ती काठोकाठ भरली असेल तर व्हिडिओ दुसरीकडे हलवावेत. एवढे करूनही जुने मशीन रखडत असेल, तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्याने जो फरक पडतो, तो दहा फॉरमॅटने पडत नाही. आणि कॉम्प्युटर चालू असताना ते क्रोशाचे कापड काढून ठेवावे. आत पंखा आहे, त्याला हवा लागते.

दुसरा नेहमीचा प्रकार. बँकेची किंवा शिष्यवृत्तीची वेबसाइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी येते. नेट चालू असते. मुलगा वैतागतो, बाप नेटवाल्याला शिव्या देतो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेलेली असेल तर कारण सापडले. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटजवळ एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. आपल्या मशीनला भलतेच साल वाटत असेल तर ते प्रमाणपत्र नाकारते. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते. मशीन बंद करून सुरू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याचे नाव सीआर२०३२, तो तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. किंमत चहा-भजीच्या बिलाएवढी. या सेलपायी ‘मदरबोर्ड गेला’ हे ऐकून आलेली माणसे मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख सेलसाठी थांबत नाही, म्हणून हे मुलांना माहीत हवे.

प्रिंटर अडला तर पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबू नये. एक कागद रांगेत अडकलेला असतो, आपण त्याच्या मागे आणखी वीस उभे करतो. रांग उघडून सगळे रद्द करावे, प्रिंटर व कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

आता फॅक्स. तरुण वाचक हसतील, पण सरकारी पत्रांच्या माथ्यावर फॅक्स नंबर अजून छापलेला असतो आणि अमेरिकेतल्या दवाखान्यांत आजही रुग्णांचे कागद फॅक्सने फिरतात. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नवीन फॅक्स मशीन घ्यायला जानेवारी २०१९ पासून बंदी आली आणि असलेली काढायला ३१ मार्च २०२० ही मुदत द्यावी लागली. घरातले किंवा दुकानातले फॅक्स अडले तर आधी त्याच मशीनवर कागदाची कॉपी काढावी. कॉपी कोरी आली तर कागद उलटा घातला आहे. काळी रेघ आली तर काचेवर डाग आहे, मऊ कापडाने पुसावा. कॉपी चांगली असेल तर मशीन निर्दोष, दोष लाइनचा. त्याच सॉकेटला साधा फोन लावून कान द्यावा. खरखर असेल तर फॅक्स जाणार नाही, कारण फॅक्स म्हणजे शेवटी आवाजच, आणि खरखरीत त्याचे शब्द हरवतात. लाइन फायबरवरची असेल तर खरखर नसतानाही अडते, कारण ती लाइन माणसाच्या बोलण्यासाठी आवाज दाबून पाठवते. मशीनच्या सेटिंगमध्ये वेग १४४०० वरून ९६०० वर आणला की बरेचदा काम होते. आलेला फॅक्स गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. ती अक्षरे काही वर्षांत उडून जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रिपोर्टवर ‘ओके’ आले म्हणजे तिकडच्या मशीनने कागद घेतला, माणसाने वाचला असे नव्हे. फोन करून विचारावे. हा किरकोळ सल्ला वाटत असेल तर २१ नोव्हेंबर २०१८ आठवा. मेहबूबा मुफ्ती यांनी ५६ आमदारांच्या पाठिंब्याचा दावा करणारे पत्र श्रीनगरहून जम्मूच्या राजभवनाला फॅक्सने पाठवायचा प्रयत्न केला. फॅक्स घेतला जात नाही, असे त्यांनी ट्विटरवर जाहीर केले. सज्जाद लोन यांनी आपला दावा व्हॉट्सॲपवरून पाठवला. त्याच रात्री राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा बरखास्त केली. नंतर त्यांनी सांगितले की त्या दिवशी ईद होती, सुटी होती, फॅक्सजवळ कुणी नव्हते. फॅक्स पोचला असता तर निर्णय बदलला असता असे मी म्हणत नाही. पण ‘मशीन चालत नव्हते’ हे वाक्य किती सोयीचे असते, ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. रेशनच्या, तहसीलच्या खिडकीवर आपण तेच ऐकतो: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ज्याला मशीन कळते तो पुढचा प्रश्न विचारू शकतो. ज्याला कळत नाही तो उद्या येतो.

म्हणूनच मला या विषयात घरातल्या मुली आणि बायका महत्त्वाच्या वाटतात. कॉम्प्युटर घरात असतो, त्याही घरात असतात, आणि तरी बिघाड झाला की भाऊ येईपर्यंत थांबायचे असा रिवाज आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी आपण उघड बोलत नाही. दुकानात जाणाऱ्या मशीनमध्ये घरातले सगळे फोटो असतात. अनोळखी माणसाच्या ताब्यात ते रात्रभर राहतात. ज्या घराला पडद्याची इतकी काळजी आहे, त्याने या उघड्या दाराचा विचार का करू नये? मुलीला पेचकस हातात द्या, ही त्या काळजीची खरी तोड आहे.

काही कामे मात्र घरी करू नयेत. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर वापर थांबवावा. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली तर मशीन ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्यावे, कारण पुढचा प्रत्येक मिनिट माहिती खातो. आणि ‘आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला तर ठेवून द्यावा. कंपनी असे फोन करत नाही.

दुकानात जावेच लागले तर आधी कागदांची आणि फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मावशीकडे ठेवावी. एकाच घरातल्या दोन प्रती एकाच पुरात जातात. मशीन सुरूच होत नसेल तर दुकानदाराला काम सुरू करण्यापूर्वी सांगावे की आधी डेटा काढा, मग बोला. आणि तो फॉरमॅट म्हणाला की दोनच शब्द विचारावेत: ‘बिघाड काय?’ उत्तर मिळाले तर तो कारागीर आहे, मशीन त्याच्याकडे ठेवा. नाही मिळाले तर रिक्षा थांबवूनच ठेवा.