भाड्याची एक खोली: मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



मुंबईत बेघर किती, याचं अधिकृत उत्तर अजून २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीचं आहे. त्या रात्री झालेल्या जनगणनेच्या मोजणीत शहर आणि उपनगरं मिळून सत्तावन्न हजारांहून अधिक माणसं उघड्यावर झोपलेली आढळली. एका रात्रीत केलेली मोजणी ती. हातगाडीखाली, दुकानाच्या फळीवर, अर्धवट इमारतीच्या जिन्यात निजलेला माणूस तिच्यातून सहज निसटतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. म्हणजे दीड दशकभर आपण एका जुन्या आकड्यावर या माणसांचा विचार करत आलो आणि त्या आकड्याला पुरेल एवढंही काम झालं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये शहरांना मोजमाप घालून दिलं: दर एक लाख वस्तीमागे एक निवारा, बारा महिने आणि चोवीस तास उघडा. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानानं त्याला तपशील जोडला. निवारा किमान शंभर जणांचा असावा, माणशी पन्नास चौरस फूट जागा मिळावी, तो लोक जिथं राबतात त्याच्या जवळ असावा. २०११ च्या लोकसंख्येनुसार मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. एवढ्या वर्षांत आपल्याला निम्माही पल्ला गाठता आलेला नाही आणि जे निवारे आहेत त्यांतले बरेच लहान मुलांसाठी आहेत. दिल्लीत २०१० च्या कायद्यानं स्थापन झालेलं नागरी निवारा सुधार मंडळ दोनशेच्या आसपास निवारे चालवतं. तिथल्या थंडीनं सरकारला जाग आणली हे खरं, पण मुंबईचा पावसाळाही उघड्यावरच्या बाळंतिणीला काही कमी जीवघेणा नाही.

निवारे वाढवा, ही मागणी अनेकांनी केली आहे आणि माझीही आहे. पण हे पत्र मी एका वेगळ्या हिशेबासाठी लिहीत आहे. उद्या सव्वाशेच्या सव्वाशे निवारे उभे राहिले, प्रत्येकात शंभर माणसं झोपली, तरी साडेबारा हजारांची सोय होईल. उरलेल्या पंचेचाळीस हजारांनी कुठं जायचं? आणि ज्यांना जागा मिळाली त्यांनी तिथून पुढं कुठं जायचं? निवाऱ्यानंतरची पायरीच या शहरात नाही.

फूटपाथवर कोण राहतं ते एकदा नीट पाहायला हवं. नाक्यावर रोजंदारीसाठी उभे राहणारे गवंडी आणि बिगारी, मस्जिद बंदरचे हमाल, गजरे ओवणाऱ्या बाया, भंगार वेचणारी माणसं, लग्नाच्या हंगामात वाढप्याचं काम करणारी पोरं. उड्डाणपुलांखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणारी पारधी कुटुंबं, ज्यांना गावात गायरानही मिळालं नाही आणि शहरात पत्ताही नाही. ही माणसं कमावतात. त्यांची कमाई रोजची आणि अनिश्चित असते आणि ती ज्या ठिकाणी मिळते तिथून दूर गेलं की संपते. दूरच्या नालासोपाऱ्याच्या खोलीचं डिपॉझिट त्यांच्याकडे नसतं. कुठून तरी जमवलंच तर पहाटेचा नाका चुकतो.

शिवाय यात मोठ्या संख्येनं कुटुंबं आहेत. पुरुषांचा निवारा एकीकडे, बायकांचा दुसरीकडे, मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याची व्यवस्था तिसरीकडे. कोणती आई असं तुटून झोपायला तयार होईल? म्हणून ती फूटपाथवरच राहते आणि तिनं निवारा नाकारला अशी नोंद होते.

१९८१ च्या भर पावसाळ्यात राज्य सरकारनं फूटपाथवासीयांना हुसकावायला सुरुवात केली तेव्हा पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठानं निकाल दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि फूटपाथवरून माणूस हलवला की त्याची उपजीविकाही जाते. त्याच निकालानं फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य केला, हेही सांगायला हवं. मात्र नोटीस द्या आणि पावसाळा संपेपर्यंत थांबा, असं बजावलं.

आजही महापालिकेची गाडी येते तेव्हा ताडपत्री आणि भांड्यांबरोबर कागदांचं बोचकंही जातं. आधार, रेशन कार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, जुनी पावती. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोफत घर मिळवायला १ जानेवारी २००० पूर्वीचा आणि सशुल्क घर मिळवायला १ जानेवारी २०११ पूर्वीचा पुरावा लागतो. योजनेच्या व्याख्येत फूटपाथवासीही आहेत. पण जो पुरावा एक सरकारी खातं मागतं तोच दुसरं सरकारी खातं उचलून नेतं. हे थांबवायला एक रुपयाही लागत नाही. कारवाईत सापडलेली कागदपत्रं त्याच ठिकाणी मालकाच्या हाती द्यावीत, एवढा लेखी आदेश आपल्या सहीनं निघू शकतो.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात परवडणारं घर म्हणजे मालकीचं घर, असं धोरणानंच ठरवून टाकलं आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजना मालकी देते, म्हाडा सोडत काढून विकते. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरं होती, २०२४ मध्ये २,०३०, आणि दोन्ही वेळा अर्ज लाखावर आले. ते अर्जदारही गरजू आहेत. पण कर्ज मिळण्याइतकी पत, अनामत रक्कम, उत्पन्नाचा दाखला, कायमचा पत्ता हे सगळं असल्याशिवाय त्या रांगेत उभंच राहता येत नाही. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याला हवी असते एक खोली: दरवाजाला कडी, आत नळ, महिन्याला परवडेल एवढं भाडं.

अशी खोली या शहरानं पूर्वी बांधलेली आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, बीआयटी) स्थापन झालं आणि त्यानं आग्रीपाडा, नागपाडा, माझगाव, परळ या भागांत कामगारांसाठी भाड्याच्या चाळी उभारल्या. त्या बीआयटी चाळी. १९३३ मध्ये हे मंडळ महापालिकेत विलीन झालं आणि महापालिका हजारो गरीब कुटुंबांची घरमालक झाली. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. दाटीवाटीच्या त्या खोल्यांचे गोडवे मी गाणार नाही. पण रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला शहरात पाय रोवता येतील असं एक ठिकाण तेव्हा होतं.

मग ते का थांबलं? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला, भाडं जागच्या जागी राहिलं, चाळी खचल्या आणि भाड्याची घरं हा तोट्याचा व्यवहार असं सर्वांच्या मनात बसलं. तो धडा भाडं कसं ठरवू नये याचा होता. उत्पन्नाच्या प्रमाणात भाडं, दरवर्षी थोडी वाढ आणि दुरुस्तीचा वेगळा निधी, एवढं ठेवलं तर तोच प्रयोग टिकू शकतो.

२००८ मध्ये एमएमआरडीएनं १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या खोल्यांची योजना आणली होती. काही वर्षांत ती गुंडाळली गेली. पनवेलजवळ कोन इथल्या अशा खोल्या दोन-दोन जोडून गिरणी कामगारांना सोडतीत विकल्या गेल्या. गिरणी कामगारांचा हक्क मोठा आहे, त्यांना घर मिळालं याचा आनंदच आहे. पण भाड्याची योजना त्या दिवशी मेली आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, कारण तिचे हक्कदार मोर्चा काढण्याइतके संघटितही नव्हते.

जागा कुठं आहे, असं आपण विचाराल. माहुलला महापालिकेकडे नऊ हजारांवर घरं रिकामी पडून होती आणि २०२५ मध्ये ती आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली, तरी घेणारे मोजकेच निघाले. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारच्या त्या हवेबद्दल उच्च न्यायालयानं २०१९ मध्येच तिथं हलवलेल्या रहिवाशांच्या बाजूनं आदेश दिला होता. बेघरांनाही तिथं पाठवू नका. खोली कामाच्या जवळ हवी, श्वास घेता येईल अशा जागी हवी.

म्हणून माझी विनंती ई वॉर्डासाठी आहे. भायखळा, नागपाडा, आग्रीपाडा, माझगाव हा सगळा भाग त्यात येतो. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेनं याच वॉर्डात फूटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची घरोघर नोंद केली होती. महापालिकेच्या बीआयटी चाळीही याच भागात आहेत. त्यांच्या पुनर्विकासात जुन्या रहिवाशांचा हक्क पुरा करून जी घरं महापालिकेच्या वाट्याला येतील, त्यांतले काही मजले विक्रीला न काढता कुटुंबांना भाड्यानं देण्यासाठी राखून ठेवा. तळमजल्यावर कुटुंबासह राहता येईल असा निवारा ठेवा आणि निवाऱ्यात सहा महिने राहिलेल्या कुटुंबाला वरच्या खोलीसाठी पहिला हक्क द्या. निवाऱ्याच्या नोंदवहीलाच पत्त्याचा पुरावा माना.

२०२५-२६ चा आपला अर्थसंकल्प ७४ हजार कोटींवर होता. एका वॉर्डातल्या अशा एका इमारतीचा ठराव पुढच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली मांडा आणि तिच्यासाठीची रक्कम दुसरीकडे वळवता येणार नाही अशी अट त्याला जोडा.

आपला,
एक मुंबईकर करदाता