डब्यावरचे वॅट, आतले वॅट

मे महिन्यातला वळीव कोल्हापूरकरांना नवा नाही. दुपारी आभाळ भरून येते, धुळीचे लोट उठतात, वीज जाते, येते, पुन्हा जाते. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी आमच्या आपाच्या घरी वीज तिसऱ्यांदा परत आली आणि भाच्याच्या संगणकातून ‘फट्’ असा आवाज आला. जळका वास माडीभर पसरला.

भाचा घरबसल्या लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्यांचे डिझाइन करतो. संगणक आला तो आपाच्या भिशीच्या पैशांतून. पंचवीस हजारांत सगळे बसवायचे होते, म्हणून प्रोसेसर आणि रॅम चार दुकाने फिरून पारखून घेतले. हार्ड डिस्क घरातलीच जुनी लावली. आणि एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला पचेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा? “तो कॅबिनेटबरोबरच आला होता ना, मामू.” त्या दिवशी दुकानात आम्हीही सोबत होतो आणि ‘चला, तेवढेच वाचले’ म्हणून मान डोलावली होती, हे कबूल केले पाहिजे.

मदरबोर्ड गेला, डिस्कही गेली. डिस्कवर चार घरांच्या पत्रिका होत्या. त्या पोराने दुसऱ्याच्या संगणकावर रात्री जागून पुन्हा केल्या. मरहूम दुल्हेभाईंचे हजचे फोटोही त्याच डिस्कवर होते. ते परत आले नाहीत.

म्हणून यावेळी या डब्याविषयी लिहीत आहोत. त्याचे काम सांगायला सोपे आहे: 230 व्होल्टची वीज घेऊन तिचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करणे. हे आकडे पाच टक्क्यांहून जास्त हलता कामा नयेत, म्हणजे बाराचे 11.4 ते 12.6 च्या आतच राहिले पाहिजेत. चांगल्या डब्यात काही बिघडले, तर तो स्वतः बंद पडतो. वाईट डबा जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो.

दुकानदार सांगतो ते मोठ्या अक्षरांतले वॅट. आम्ही भाच्याचा जळालेला डबा हातात घेऊन त्याच्या अंगावरचा बारीक तक्ता वाचला. बाहेर ‘450 वॅट’. तक्त्यात 12 व्होल्टच्या खाली 16 अँपियर. गुणाकार करा: 12 गुणिले 16, म्हणजे 192. आजचा संगणक जवळजवळ सगळी वीज या 12 व्होल्टवरच घेतो. म्हणजे साडेचारशेच्या नावाखाली उपयोगाचे दोनशेसुद्धा नाहीत. नीट बनवलेल्या 450 वॅटच्या डब्यावर तिथे 36-37 अँपियर लिहिलेले असते, आणि गुणाकार साडेचारशेच्या जवळ येतो. वाण्याने असे तोलले असते, तर आपण त्याला मापात पाप म्हटले असते.

भाच्याचा डबा वॅट कमी पडले म्हणून जळला, असे मात्र नव्हे. त्याचा प्रोसेसर 65 वॅटचा, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही; सगळे मिळून दीडशे वॅटही लागत नव्हते. पण जो मापात काटकसर करतो, तो आतल्या भागांतही करतो. विजेचा झटका गिळणारा भाग, फिल्टर, जास्त व्होल्ट झाल्यास बंद करणारी सोय, यांच्या जागा रिकाम्याच ठेवलेल्या असतात. (हे बघायला डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही वेळ टिकून राहतात.)

गुळाचा रवा घेताना रंग पाहतो, कण जिभेवर ठेवतो. डबा चाखता येत नाही, पण हातात घेऊन वजन पाहता येते. फारच हलका वाटला, तर आत तांबे आणि पत्रा कमी आहे असे समजा. भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. ‘80 प्लस’ ही खूण असेल तर उत्तम, पण ती वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही. हमी हवी ती कंपनीची, तीन ते पाच वर्षांची, आणि पक्क्या बिलावर अनुक्रमांकासह. नावाजलेल्या कंपनीचीही सगळ्यात स्वस्त मालिका वेगळी आणि चांगली मालिका वेगळी असते, म्हणून नुसते नाव ऐकून भुलू नका. मॉडेल लिहून घ्या.

बिनकार्डाच्या घरगुती संगणकाला असा खरा 450 वॅटचा डबा भरपूर झाला. पोरांना खेळासाठी कार्ड लावायचे असेल, तर आरटीएक्स 3050 सारखे कार्ड एकटेच 130 वॅट घेते. तिथे 550 चा घ्यावा. अडीच-तीन हजार रुपये जातील. ते प्रोसेसर एक पायरी खालचा घेऊन काढा, आमचे मत स्पष्ट आहे.

यूपीएस असेल तर आणखी एक गोष्ट. वीज गेल्यावर यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो, तेवढा वेळ डब्याने तग धरला पाहिजे. चांगला डबा पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद धरतो. हलका आधीच सोडून देतो, आणि आपण यूपीएसला शिव्या घालत बसतो.

नवा डबा आम्ही स्वतः जाऊन बसवला. सुरू केल्यावर कॅबिनेटला हात लागला, तर चुणचुण लागली. “ती तर पहिल्यापासून लागते,” आपा म्हणाली. जुन्या घरात प्लगला तिसरे भोक होते, पण त्यामागे अर्थिंगची तारच नव्हती. डब्यातला फिल्टर थोडी वीज जमिनीकडे सोडतो. तिला वाट नसली की ती पत्र्यावर थांबते आणि बोटाला कळते. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून मीटरपासून अर्थिंग ओढून घेतले. चुणचुण गेली.

तार ओढून झाल्यावर आपा स्वयंपाकघरात गेली आणि तिथून हाक आली, “अरे, मग हा फ्रिजसुद्धा बघा. तोही चावतो.” वायरमनने पिशवी पुन्हा उघडली.